तुम्ही विचारलंत म्हणून: उजनीकाठी कयाक कशाला?

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि तुम्ही पाण्यातले खेळ कसले शिकवता? उजनी धरणाच्या काठच्या गावांत कयाकिंगचा, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीच्या खेळाचा, विषय काढला की हा प्रश्न ठरलेला. त्याच्या मागोमाग दुसरा: त्यातून त्या गावांना मिळणार काय? दुसऱ्याचं उत्तर दिलं की पहिल्याचं आपोआप मिळतं.

सोलापूर शहराला उजनी माहीत आहे ती नळातून. करमाळा तालुक्यातल्या कुगाव, चिखलठाण, केत्तूर या गावांच्या ती अंगणात आलेली आहे. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं आणि भीमेकाठचे मळे, देवळं, जुनी गावठाणं पाण्याखाली गेली. पलीकडचा इंदापूर तालुका डोळ्यांना दिसतो, पण रस्त्याने जायचं तर लांबचा वळसा. नकाशावर बेट नसेल; दवाखाना, कॉलेज, बाजार यांच्या हिशेबात बेटच. म्हणून लोक होडीने जातात, मोटारसायकलसकट. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. या गावांतल्या मुलामुलींना आपलं पाणी ओळखता यावं, हे कयाकचं पहिलं काम. पर्यटकांचे पैसे त्यानंतर.

आपल्याकडे पोहायला शिकवायची जुनी रीत म्हणजे पाठीला वाळका भोपळा, आणि आता तेलाचा रिकामा कॅन. पाच लिटरचा कॅन पाण्यात साधारण पाच किलोची उचल देतो, म्हणजे जवळपास ५० न्यूटन. खेळाच्या साध्या लाइफ जॅकेटवरही हाच ५० आकडा छापलेला असतो. फरक जागेचा आहे. माणूस शुद्धीत राहून हातपाय मारतोय तोवर कॅन ठीक. तो दमला किंवा डोक्याला मार बसला, की तोच कॅन पाठ वर उचलतो आणि तोंड पाण्यात दाबतो. ५० न्यूटनचं जॅकेटही बेशुद्ध माणसाला उताणं करेलच असं नाही, म्हणून ते फक्त पोहता येणाऱ्याला, आणि तेही सोबत दुसरी होडी असेल तेव्हाच. प्रवासी होडीत बसणाऱ्याला मानेमागे कॉलर असलेलं, १०० न्यूटनचं द्यावं.

जॅकेट घातल्यावर खांद्याचे दोन्ही पट्टे धरून वर ओढून बघायचं. ते कानापर्यंत सरकलं तर पाण्यात डोक्यावरून निघून जाणार. लहान मुलांना मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. आणि जॅकेट बसायला घ्यायची खोड सगळीकडे दिसते. आतला फोम चेपतो, वरून जॅकेट नवं दिसतं आणि उचल गेलेली असते. वर्षातून एकदा किराणा दुकानातलं पाच किलोचं लोखंडी माप ५० न्यूटनच्या जॅकेटला बांधून पाण्यात सोडा (१०० च्या जॅकेटला अशी दोन). बुडालं तर जॅकेट बाद.

उलटायला शिकवल्याशिवाय हातात वल्हं द्यायचं नाही. छातीभर पाण्यात, वर उघडी बैठक असलेली कयाक मुद्दाम उलटवायची. तिच्यावरचा हात सोडायचा नाही. पलीकडची कड धरून ती सरळ करायची, मग तिच्या मधोमध येऊन पाय पाण्यावर आडवे आणत जोरात मारायचे आणि अंग वर ओढायचं: आधी पोट, मग बैठक, मग पाय. मुलं चुकतात ती पायांत. पाय कयाकखाली जातात, मग नुसत्या हातांच्या जोरावर चढायला बघतात आणि कयाक पुन्हा अंगावर येते. दुसरी चूक जास्त घातक. काठ जवळ वाटतो म्हणून कयाक सोडून पोहत सुटणं. पाण्यावरून अंतर नेहमीच कमी वाटतं.

बुडणाऱ्याला फेकायच्या दोरातही चुका होतात. बैलाचा सुती कासरा भिजला की बुडतो. दोर पॉलिप्रॉपिलीनचा, तरंगणारा, १५ ते २० मीटर. तो बुडणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा, म्हणजे त्याच्या हाताशी पडतो. आपल्याकडचं टोक मात्र घट्ट धरून. घाईत कितीतरी जण अख्खा दोरच फेकून मोकळे होतात.

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेसहा ते साडेनऊ एवढाच सराव. दुपारनंतर वळवाचा भरवसा नाही. आभाळ काळवंडलं, वारा एकदम पडला आणि मग गार झुळूक आली, की काठाला यायचं. पुढच्या काही मिनिटांत उघड्या पाण्यावर वीतभराच्या लाटा हातभर होतात. भरलेल्या होडीचा काठ पाण्याबाहेर वीतभरच असेल, तर ती त्या लाटेनेच भरते. त्यात लोक घाबरून एका बाजूला सरकले किंवा उभे राहिले की संपलं. हे ज्या पोरीला कळतं ती नावाड्याला सांगते, "काका, आज नको." काकांनी ते ऐकावं, एवढा तिचा पाण्यावरचा अधिकार गावाने मानावा. सबलीकरण म्हणतात ते माझ्या लेखी इथे सुरू होतं.

उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे धरणाच्या हिशेबात शून्याखालचं पाणी. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं की काठ शेकडो मीटर आत सरकतो आणि मधे गुडघाभर गाळ उरतो. कायमचा धक्का बांधण्यात पैसे घालू नका. फळ्यांची, उचलून नेता येणारी वाट करा. पाणी उतरताना वेड्या बाभळीचे बुंधे आणि जुन्या भिंती वर येतात. शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या विजेच्या मोटारी पाण्यामागे सरकत जातात, त्यांच्या केबलींचे जोड उघडे असतात. मोटारीपासून ५० मीटर लांब राहायचं, आणि सरावाची वेळ शेतकऱ्याला आधी सांगायची. पाणी हिरवं पडून वास मारत असेल त्या दिवशी उलटायचा सराव बंद.

प्लॅस्टिकच्या कयाकला एम-सील किंवा फायबर चिकटत नाही. तडा गेला तर गरम हवेने वेल्डिंगच करावं लागतं, आणि शेतातल्या एचडीपीई पाइपांचं काम करणारा माणूस सराव केला तर ते करू शकतो. त्याला एक फुटकी कयाक देऊन शिकवा. कयाक मागून हळूहळू जड होत असेल, तर तडा शोधण्याआधी पाणी काढायच्या भोकाचं बूच बघा. बहुतेक वेळा ते लावायचंच राहिलेलं असतं.

पैशाचं थोडक्यात. पलीकडे भिगवण, कुंभारगावात मच्छीमारच पर्यटकांना होडीतून रोहित पक्षी दाखवतात. इकडेही ऑक्टोबर ते फेब्रुवारी हंगाम धरता येईल, पक्ष्यांपासून निदान शंभर मीटर राखून. जेट-स्की मात्र नको: बाहेर उघडा पंखा नसला तरी त्या वेगात जाळी तुटतात, पक्षी उठतात, पेट्रोल पैसा खातं आणि मालक बाहेरचा येतो. कयाक मच्छीमार संस्थेच्या किंवा महिला बचत गटाच्या नावावर हव्यात. जलसंपदा विभागाची परवानगीही त्याच नावाने घ्या. ज्यांची जमीन या पाण्याखाली गेली, त्यांचाच पहिला हक्क. आणि खेळ म्हणून कुठवर जाता येतं, ते मणिपूरच्या लोकटाक तलावाकडे बघा. तिथल्या मोइरांगच्या मच्छीमाराचा मुलगा सुनील सिंग सलाम याने अर्जुन सिंगसोबत हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, कनूच्या १००० मीटर दुहेरीत कांस्य मिळवलं.

एखादं गाव विचारतं, पैसे कमी आहेत, आधी काय घेऊ? कयाक दोनच घ्या, जॅकेटं बारा, तरंगते दोर दोन, शिट्ट्या बारा. आणि गावातली दोन माणसं, त्यातली एक बाई, जीवरक्षकाच्या प्रशिक्षणाला गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पाठवा. ती दोघं परत येईपर्यंत कयाक घरातच उलट्या ठेवा, उन्हात नको.