देवी झोपलेली आणि आम्ही जागे

आमच्या ग्रुपसाठी मी एक फँटसी गेम लिहितोय, सगळं मनचं जग, मनचे धर्म. त्यातली समृद्धीची देवी काही केल्या जमेना. सोन्याचं देऊळ, हातातून पडणारी नाणी, म्हणजे नुसता कॅलेंडरवरचा फोटो. मित्र म्हणाला, देव्या काय बनवत बसलास बे, चल तुळजापूरला चालत. मग काय, कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी सोलापुरात रूपाभवानीच्या पाया पडलो आणि निघालो.

अंतर साधारण 45 किमी, बाईकवर तासाभराचं, म्हणून मी ते फारच लाइटली घेतलं आणि कोरे करकरीत शूज घालून गेलो, महागाढवपणा. तामलवाडी यायच्या आत टाचेला फोड. आजूबाजूला अनवाणी बायका, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, कर्नाटकातून आलेली कन्नड बोलणारी माणसं, मधूनच 'आई राजा उदो उदो' उठायचं आणि ती आरोळी पुढच्या अंधारात लांबपर्यंत जायची. आणि मी लंगडत.

एका चहाच्या मंडपात टेकलो. शेजारी एक आजी, गळ्यात कवड्यांची माळ, परडी मांडीवर, वाटीतलं तेल घेऊन पोटऱ्या चोळत होत्या. माझा पाय बघून वाटी माझ्याकडे सरकवली. मी आपलं विचारलं, आजी, थोडं पडायचं ना. तर म्हणाल्या, "ती निजलीय न्हवं लेकरा, दमलीय. आपुन जागं ऱ्हायाचं."

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की तुळजाभवानीची मूर्ती पलंगावर निजवतात, तो पलंगही नगरकडून मानाने येतो, आणि पौर्णिमेला देवी परत सिंहासनावर बसते. श्रमनिद्रा म्हणतात. पण लहानपणापासून ऐकून ऐकून त्यातलं काही जाणवायचंच बंद झालं होतं. महिषासुराशी लढून देवी दमते आणि लोक तिला पाच दिवस झोपू देतात, कोणी उठवत नाही, हे कुठल्या गेम लिहिणाऱ्याला सुचलं असतं? माझी देवी तर चोवीस तास नाणी पाडत उभी, एटीएमसारखी.

घाटाचा चढ कसा चढलो ते विचारू नका, शूज हातात होते एवढं आठवतं. सकाळी तासन् तास रांगेत उभं राहून दर्शन झालं, म्हणजे चार सेकंद, तेवढ्यात मुखवटा आणि कुंकू दिसलं आणि मागून ढकललंच.

दुपारी एसटीने परत. कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी 'को जागर्ति' विचारत फिरते म्हणतात, आईने गच्चीवर दूध आटवायला ठेवलेलं, सगळी बिल्डिंग वर. मी नऊलाच घोरत होतो. सकाळी फ्रीजमध्ये माझा ग्लास होता, वर हीऽ जाड साय.