आमची वाटचाल: थंड हवेच्या गावात आम्ही ट्यूलिप विकला नाही

बेळगावात खानापूर रस्त्यावरची आमची रोपवाटिका वडिलांनी सुरू केली. आंबा-नारळाची कलमं सगळेच विकतात, आम्ही उभे राहिलो ते कंदांवर. निशिगंध, ग्लॅडिओलस, लाल अमरिलिस, वळिवाबरोबर फुलणारी फुटबॉल लिली. पैसे घेण्याआधी वडील विचारायचे, ‘माती कुठली?’ गिऱ्हाईक येळ्ळूर-वडगावकडचं असेल तर पहिल्यांदा गादीवाफा वीतभर उंच करायला लावायचे. ते शिवार काळं, चिकण. बासमतीला उत्तम, पण पाणी साचलं की कंदाचा बुडखा कुजलाच. जांबोटीकडच्या तांबड्या मातीत पाणी थांबत नाही, तिथं कुजलेलं शेणखत सढळ हातानं घालायचं. ग्लॅडिओलसला ती जराशी आंबट माती मानवते.

मधली बरीच वर्षं धंदा नीट चालला. मग शहरात एक जण ट्यूलिप आणि हायसिंथची रंगीत पाकिटं घेऊन आला. ‘बेळगावची हवा थंड, इथं काश्मीरसारखी फुलं येतील,’ म्हणून त्यानं ती विकली. आमच्या निशिगंधाच्या कितीतरी पट भावानं! ट्यूलिपच्या कंदाला १२ ते १६ आठवडे ९ अंशांखालची थंडी लागते, तेव्हा दांडा वर येतो. आपल्याकडं भर जानेवारीतही पहाटेचा पारा सहसा १०च्या खाली जात नाही, आणि दुपारी तर ऊन तापतं. लोकांना पानं मिळाली, फूल आतल्या आत सुकलं. तो पुढच्या हंगामात दिसला नाही. शिव्या मात्र आम्ही खाल्ल्या. ‘तुमचे कंद म्हणजे फसवणूक वो,’ असं आमच्या दारात उभं राहून लोक बोलले. त्या वर्षी काढून ठेवलेला ग्लॅडिओलस गोदामात पडून राहिला, कामगारांचा पगार द्यायला आईच्या पाटल्या गहाण पडल्या. तो माणूस एकदाही कुणाच्या दारात गेला नाही, याचा राग मला आजही आहे.

तेव्हा टिळकवाडीतल्या निवृत्त शिक्षिका बाई आल्या. त्या वडिलांच्या वेळच्या गिऱ्हाईक. ‘तुम्ही सांगाल ते लावते, फुललं नाही तर इथंच येऊन भांडणार,’ म्हणाल्या आणि अमरिलिस घेऊन गेल्या. पूर्वेकडची, दुपारी सावली येणारी जागा आम्हीच दाखवली. कंदाची मान मातीच्या वर ठेवून लावली, दिवाळीनंतर पाणी कमी करून त्याला विश्रांती दिली. चैत्रात दांडे आले. बाईंनी अख्खी गल्ली बोलावून फुलं दाखवली आणि प्रत्येकाला आमचा पत्ता दिला. आमचं दुकान पुन्हा चालू झालं ते तिथून.

कंद पारखताना आम्ही अजून हातच वापरतो. ग्लॅडिओलसचा कंद पसरट आणि मोठा दिसला म्हणून भुलू नका. जाड, उंच बांध्याचा घ्या, दांडा जोमदार येतो. अंगठ्यानं बुड दाबा, मऊ लागलं तर परत करा. जमीन तपासायला आम्ही पहारीनं हातभर खड्डा घेतो, पाणी भरतो. सकाळी ते तसंच असेल तर तिथं कंद लावून पैसे वाया घालवू नका. निशिगंध आणि ग्लॅडिओलस निव्वळ उन्हातले; झाडाखाली लावलात तर दांडे उन्हाकडं वाकतात. फुटबॉल लिलीला मात्र आंब्याखालची गाळीव सावली आणि पानगळीचं खत आवडतं.

आणि फूल संपलं की पानं कापू नका. ग्लॅडिओलसचा पुढच्या वर्षीचा नवा कंद त्या पानांच्या जिवावरच जुन्याच्या डोक्यावर भरतो. पानं पिवळी पडली की खणा, पिल्लं वेगळी करा, सावलीत वाळवून गोणपाटावर पसरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले कंद आमच्याकडं बदलून मागायला आणू नका, आम्ही बदलून देत नाही.