यंदाचा उन्हाळा: सुपे, भिगवण आणि सिंहगडचा पायथा

थंडीतली पाहुणी बदकं परतली की आपल्यातले बरेच जण दुर्बीण कपाटात ठेवून देतात. माझी मात्र खरी धावपळ तेव्हाच सुरू होते.

यंदाची सगळ्यात मोठी नोंद पखुर्डी या माळावरच्या पक्ष्याची. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुप्याजवळच्या एका आटत आलेल्या पाझर तलावाशी बाभळीच्या आडोशाला सात वाजल्यापासून बसलो होतो. पावणेनऊला 'कट्-रो, कट्-रो' करत अकरा जणांचा थवा उतरला. काठापासून चांगला तीस-चाळीस पावलं लांब. बराच वेळ कुणी हललंच नाही, रंग असा की नजर जरा वळली तर पुन्हा शोधावं लागे. मग सगळे तुरुतुरु पाण्याशी आले, चार घोट घेऊन उडाले. एक नर तेवढा मागे राहिला. पोटाची पिसं फुलवून तो पाण्यात बसला आणि डावी-उजवीकडे डुलत राहिला. ही पिसं पाणी धरून ठेवतात आणि पिल्लं चोचीने ती चोखून तहान भागवतात. म्हणजे पिल्लं जवळपास कुठेतरी होती! इतकी वर्षं नुसतं वाचलेलं त्या दिवशी वीस पावलांवर पाहिलं. शोधायला गेलो नाही. उघड्या माळावरची पिल्लं पायाखाली येतात.

परतताना धाविक या माळावर धावणाऱ्या पक्ष्याची जोडी आणि एक पिल्लू दिसलं. त्यांच्यापासून हातभर अंतरावर गाडीची ताजी चाकोरी होती. फोटोसाठी माळावर गाडी घालू नका, कळकळीची विनंती आहे.

भिगवणला एप्रिलअखेर उजनीचं पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या बेटावर नदी सुरय (रिव्हर टर्न) पक्ष्यांची वीण चालू होती. होडी लांबच ठेवली. रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) होते.

चातक पहिल्यांदा ऐकला ३ जूनला, दिवे घाटाच्या वर.

सिंहगडच्या पायथ्याला नवरंगाची दोन सुरांची शीळ पहाटे ऐकू आली, पक्षी दिसला नाही. तो भेटला आमच्याच सोसायटीत, खिडकीच्या काचेवर आपटून पडलेला. दक्षिणेकडून येणारे नवरंग या दिवसांत असे सापडतात. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, पाणी न पाजता दोन तास ठेवला. संध्याकाळी झाडीत नेऊन झाकण उघडलं, तर क्षणभर तसाच बसून राहिला, शेपटीखालचा लाल रंग एकदा दिसला आणि करवंदीच्या जाळीत गडप.