एक पद्मटंक असताना दुसरं कशाला?

नाण्यांची पेटी उघडली की पाहणारा हटकून विचारतो, "सगळी एकसारखीच तर आहेत. एक असताना दुसरं कशाला घेतलंत?"

देवगिरीच्या यादवांचे सोन्याचे पद्मटंक लांबून पाहिले तर सारखेच वाटतात, हे खरं. मध्ये कमळ, भोवती दोन 'श्री' आणि राजाचं नाव. मागची बाजू कोरी, आकार उथळ वाटीसारखा, वजन साधारण पावणेचार ग्रॅम.

पण भिंग लावा. हे नाणं एका घावात घडत नाही. कमळाचा ठसा वेगळा, 'श्री'चा वेगळा, नावाचा वेगळा. एकेक ठसा सोन्याच्या चकतीवर धरून हातोडा मारायचा. हाताचं काम, त्यामुळे ठसे दर वेळी थोडे इकडेतिकडे पडतात. माझ्याकडच्या एका नाण्यावर उजवा 'श्री' पाकळीच्या टोकावर चढलाय. पाकळीची रेघ त्याच्याखाली दबलेली दिसते, म्हणजे कमळ आधी उमटलं. दुसऱ्यावर नावाचा ठसा काठाबाहेर गेलाय, 'राम'मधला 'म' अर्धाच राहिलाय.

हा राम म्हणजे रामचंद्रदेव, कारकीर्द १२७१ ते १३११. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाली ती याच्याच राज्यात, आणि तिच्या शेवटी त्याचं नावही आहे. ते नाव देवनागरीत सोन्यावर उमटलेलं मला सरळ वाचता येतं, याचं अप्रूप अजून ओसरलेलं नाही. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली. शिवाय सोनं म्हटलं की कधी ना कधी मुशीत जातंच. त्यातून वाचलेलं नाणं आहे हे.

आता दुसरं का, ते सांगतो. मी एकदा एक पद्मटंक घेतला. वजन बरोबर, सोनंही चांगलं. काही महिन्यांनी दुसऱ्या एका नाण्याचा फोटो पाहिला आणि पोटात गोळाच आला. सगळे ठसे त्याच जागी, त्याच कलाने, काठावरची चीरसुद्धा तीच. हाताने ठोकलेली दोन नाणी अशी जुळूच शकत नाहीत. पुन्हा भिंगाखाली धरलं, तर अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या मऊ, खोलगट भागात बारीक बुडबुड्यांच्या खुणा. साच्यात ओतलेली नक्कल होती. एकट्या नाण्याकडे पाहून मला ते कधीच उमगलं नसतं.

पुढच्या वेळी दोन्ही नाणी शेजारी ठेवीन आणि भिंग तुमच्या हातात देईन. आधी तो अर्धा 'म' शोधा.