नऊचा ताळा, अकराचा उपास

गणिताचे शिक्षक शाळेतून निवृत्त होतात, गणितातून होत नाहीत. साताऱ्याच्या मंगळवार पेठेत राहणारे सर त्यातलेच. आता ते नाहीत. पण वाण्याची चिठ्ठी असो, विजेचं बिल असो, नाहीतर केळवणाची यादी, कागद हातात आला की त्यांची नजर आधी बेरजेवर जायची, मजकूर मागाहून. आणि बेरीज जुळली तरी ताळा घेतल्याशिवाय, म्हणजे उत्तर पडताळून पाहिल्याशिवाय, कागद खाली ठेवायचा नाही.

त्यांचा आवडता ताळा नवाचा. ३४७ गुणिले २८ बरोबर ९७१६, हे बरोबर का? ३४७ चे अंक मिळवा, १४ येतात, पुन्हा मिळवले की ५. २८ चे १०, म्हणजे १. पाच गुणिले एक पाच. आता उत्तराचे अंक, ९ आणि ७ आणि १ आणि ६, झाले २३, म्हणजे ५. जुळलं. इथवर पूर्वीच्या कुठल्याही मास्तरांनी शिकवलं असतं. सरांना रस होता तो हा ताळा फसतो कुठे यात. घाईत ९७१६ ऐवजी ९७६१ लिहिलं, तरी अंकांची बेरीज तीच. शून्याच्या जागी नऊ पडला, तरी तीच. चूक तशीच राहते आणि ताळा मात्र मान डोलावतो.

म्हणून जोडीला अकराचा ताळा. उजवीकडून सुरुवात करायची, पहिला अंक मिळवायचा, दुसरा वजा, तिसरा मिळवायचा. ३४७ चे ७ वजा ४ अधिक ३, म्हणजे ६. २८ चे ८ वजा २, तेही ६. सहा सक छत्तीस, त्यातून ३३ गेले, उरले ३. ९७१६ चे ६ वजा १ अधिक ७ वजा ९, म्हणजे ३. ठीक. ९७६१ चे मात्र उणे ७ येतात, त्यात ११ मिळवले की ४. सापडला चोर!

हे सगळं वहीपुरतं राहिलं असतं, पण दिंडीचा हिशोब सरांकडे होता. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम पडतो, पुढे चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. एवढ्या वाटेत भिशीचा, म्हणजे दिंडीच्या सामुदायिक जेवणाचा शिधा, टेम्पोचं डिझेल, पाण्याचा टँकर, औषधं, आणि चिठ्ठ्या लिहिणारे चार वेगवेगळे हात. रोकड आणि वही जुळली तर ती माउलींचीच कृपा. नाही जुळली की लोक पहिल्या पानापासून बेरजा करायला बसतात. सर आधी फरकाकडे बघायचे. फरक ६३ रुपयांचा आहे? नवाने भाग जातो, सात येतात. म्हणजे ज्यांच्यात सातचं अंतर आहे असे दोन अंक उलटे पडलेत. ८१ चे १८ झालेत किंवा ९२ चे २९. नाहीतर ७० चं शून्य कुणीतरी गिळलंय. तेवढ्याच नोंदी शोधायच्या. फरक ६३० असेल तर तोच घोळ एक घर डावीकडे. फरकाला नवाने भाग जात नाही पण तो सम आहे, तर त्याच्या निम्मी रक्कम शोधायची, कारण जमेची नोंद खर्चात पडली की फरक दुप्पट दिसतो. मोबाइलवर बेरीज करणाऱ्या पोरांना हे सांगावंच लागतं. यंत्र चुकीच्या आकड्यांचीही बिनचूक बेरीज करून देतं.

गळ्यात तुळशीची माळ, संध्याकाळी हरिपाठ, आणि डोकं असं. मग लोक यायचेच, १०८ मण्यांमागचं गणित काय म्हणून. सर म्हणायचे, “एक, दोनाचा वर्ग आणि तिनाचा घन यांचा गुणाकार १०८ येतो. छान आहे. म्हणून पांडुरंग लवकर पावतो असं नाही.” निवृत्तीनंतर पोथ्यांत आकडे शोधत बसणारे गणितवाले कमी नाहीत. सर त्या वाटेला गेले नाहीत, हे त्यांच्या भक्तीचं मला सगळ्यात पटलेलं अंग.

एकादशी आज की उद्या, हा घरचा प्रश्न मात्र त्यांच्याच अखत्यारीतला. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी. चंद्राचा वेग सारखा नसतो, त्यामुळे तिथी कधी जेमतेम २० तासांची असते, तर कधी २६ तासांच्याही पुढे जाते. वारकरी भागवत एकादशी धरतात. त्यासाठी सूर्योदयाच्या आधी ४ घटिका मोजायच्या, तो अरुणोदय; त्या वेळी दशमी उरलेली चालत नाही. घटिका २४ मिनिटांची, म्हणजे ९६ मिनिटं. समजा सूर्योदय ६ वाजून १५ मिनिटांनी आहे, तर अरुणोदय ४ वाजून ३९ मिनिटांनी. दशमी पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी संपली, तर अरुणोदयाला तिचा वेध लागला. स्मार्त, म्हणजे फक्त सूर्योदयाची तिथी बघणारे, त्यांचा उपास आज, माळकऱ्यांचा उद्या. सुनबाई साबुदाणा भिजत घालायच्या आधी विचारून घ्यायची ती याचसाठी. भिजलेला साबुदाणा तिथीसाठी थांबत नाही.

नातवाच्या भागाकाराची तऱ्हा निराळी. ४२१८ ला ६ ने भागा म्हटलं की निम्म्या वर्गाचं उत्तर ७३. बेचाळिसाला सात, एक खाली घेतला, सहा जात नाहीत, म्हणून पोरं लगेच आठही खाली ओढतात आणि भागाकारात शून्य मांडायचं राहतं. सर रागवत नसत. भागायच्या आधी चौकटीच्या वहीत उत्तराची घरं ठिपक्यांनी मांडून घेत. पहिला भाग ४२ ला जातो, त्यानंतर दोन अंक उरतात, म्हणजे उत्तराला तीन घरं. तीन ठिपके, तीन अंक. मधलं घर रिकामं दिसलं की ७०३ आपोआप येतं.

एका ठिकाणी मात्र सरांचं गणित काकूंनी दुरुस्त केलं. प्रसादाचा शिरा सवाच्या मापाने: सव्वा किलो रवा, तेवढीच साखर, तेवढंच तूप, दूध वाटीने मोजून रव्याच्या अडीचपट. साठ ग्रॅमचा वाटा धरला तर सव्वाशे माणसांना पुरतो. काल्याला तीनशे माणसं येणार होती. सरांनी थोडं वरचं धरून अडीचपट काढली, अडीच सव्वे तीन किलो १२५ ग्रॅम, आणि भाजायचा वेळही अडीचपट लिहून दिला. काकू म्हणाल्या, “अहो, सामानाला चालेल तुमचं त्रैराशिक, आचेला नाही.” मोठ्या कढईत रव्याचा थर जाड होतो, तळाचा करपतो आणि वरचा कच्चा राहतो, कितीही वेळ उलथनं फिरवलं तरी. मग दोन कढया मांडल्या. मंद आचेवर रवा खमंग भाजला, दूध उकळतं ओतलं, कारण गार ओतलं तर गुठळ्या होतात. साखर रवा पुरता फुलल्यावरच. आधी पडली तर ओल ती ओढून घेते आणि दाणा टणक राहतो.

पुढच्या वर्षीच्या यादीत सरांच्याच अक्षरात, सामानाच्या वर पहिली ओळ होती: कढया २.