डॉनीच्या बेल्स

इकडं येऊन आम्हाला आता सहा वर्षं झाली आणि कोल्हापूरहून फोन आला की अजून सगळे पहिलं हेच विचारतात, काय मग, मँचेस्टर युनायटेडची मॅच बघितलीस का? बरोबरच आहे म्हणा, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल टीमची मॅच असली की ज्या गावात दुसरा विषय निघत नाही त्या गावाला मी दुसरं काय सांगणार. पण आज मी मँचेस्टरचं सांगणार नाहीये. मी राहते त्या डॉनकास्टरचं सांगणार आहे, आणि इथल्या बायकांच्या टीमचं, डॉनकास्टर बेल्सचं, जिचं नाव आमच्याकडं कुणी ऐकलेलं नसेल, पण इंग्लंडमधल्या बायकांच्या फुटबॉलमध्ये एके काळी हिच्याएवढा दबदबा फार थोड्या टीमचा होता.

आधी गाव सांगते. डॉनकास्टर म्हणजे साऊथ यॉर्कशायर, इथले लोक नुसतं 'डॉनी' म्हणतात. लंडनहून एडिंबराला जाणारी रेल्वेलाईन इथून जाते, फ्लाइंग स्कॉट्समन आणि मॅलार्ड ही जगप्रसिद्ध इंजिनं इथल्याच कारखान्यात बनली, १७७६ पासून इथं सेंट लेजर नावाची घोड्यांची रेस होते आणि गावाच्या चहूबाजूंना कोळशाच्या खाणी होत्या. होत्या, आता नाहीत. १९८४-८५ चा खाणकामगारांचा मोठा संप झाला त्यानंतर एक एक करत बंद पडल्या. आमच्या शेजारच्या आजींचे मिस्टर खाणीतच होते, त्या वर्षीचं बोलताना आजी अजूनही मधेच गप्प होतात.

या आजींमुळेच मला बेल्स कळल्या. माझी लेक नऊ वर्षांची आहे, शाळेतून आली की मागच्या अंगणात भिंतीवर बॉल मारत बसते, आणि मला सारखं वाटायचं आजींना आवाजाचा त्रास होत असणार, म्हणून एकदा सॉरी म्हणायला गेले तर त्या म्हणाल्या, "मारू दे गं लव्ह, डॉनीतल्या पोरींनी बॉल मारायचा नाही तर कुणी मारायचा?" आणि मग चहा ठेवला आणि सुरुवातीपासून सांगायला बसल्या.

तर सुरुवात अशी. साल १९६९. डॉनकास्टर रोव्हर्स ही इथली पुरुषांची टीम, तिचं ग्राउंड होतं बेल व्ह्यू. मॅचच्या दिवशी प्रेक्षकांत फिरून लॉटरीची तिकिटं विकायला काही तरुण पोरी असायच्या, त्यात शीला स्टॉक्स नावाची एक होती. या पोरींना मॅच बघून बघून वाटायला लागलं की आपण पण खेळावं, आणि त्यांनी सरळ टीमच काढली. ग्राउंडच्या नावावरून नाव ठेवलं बेल व्ह्यू बेल्स, पुढं त्याचं डॉनकास्टर बेल्स झालं. बेल म्हणजे घंटा नव्हे हां, फ्रेंचमधून आलेला शब्द आहे, सुंदरी असा अर्थ. आजींना त्या तिकिटं विकणाऱ्या पोरी आठवतात, त्यांचे वडील प्रत्येक मॅचला त्यांच्याकडून तिकीट घ्यायचे आणि एकदाही नंबर लागला नाही म्हणे.

आता तुम्ही म्हणाल पोरींनी टीम काढली यात एवढं काय. तर १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये बायकांच्या फुटबॉलवर बंदी होती! मला हे आधी माहीतच नव्हतं, मी आजींना दोनदा विचारलं. झालं असं की पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले तेव्हा फॅक्टरीत कामाला लागलेल्या बायका फुटबॉल खेळायला लागल्या आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. प्रेस्टनच्या एका फॅक्टरीतल्या बायकांची डिक, कर लेडीज म्हणून टीम होती, त्यांची १९२० च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सेंट हेलेन्सबरोबर मॅच झाली तर ५३,००० लोक आले होते. आणि वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ ला, इथल्या फुटबॉल असोसिएशननं, म्हणजे एफएनं, ठराव केला की हा खेळ बायकांना शोभत नाही, आमच्याशी जोडलेल्या कुठल्याही क्लबनं आपलं ग्राउंड बायकांना द्यायचं नाही. झालं. घरात कुणी अडवायला येत नव्हतं, पण ग्राउंडच नाही, रेफ्री नाही, तर खेळणार कुठं आणि कसं? ही बंदी उठली १९७१ ला. पन्नास वर्षं! मी पप्पांना फोनवर सांगितलं तर पप्पा, जे आयुष्यभर तालमीच्या टीममागं फिरले, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत आणि मग म्हणाले, अगं म्हणजे खेळणाऱ्यांच्या दोन पिढ्याच वाया घालवल्या की.

म्हणून मला त्या तिकीटवाल्या पोरींचं एवढं कौतुक वाटतं. बंदी असतानाच त्यांनी क्लब काढला, आणि नुसता काढून सोडला नाही, चालवला. पगार वगैरे विषयच नव्हता, नोकरी सांभाळायची, संध्याकाळी प्रॅक्टिस आणि रविवारी मॅच. पुढं शीलाताईंचं लग्न पॉल एडमंड्सशी झालं आणि तेच टीमचे मॅनेजर, म्हणजे नवरा-बायकोनं मिळून ही टीम उभी केली म्हटलं तरी चालेल. ज्या मैदानांवर बेल्स खेळल्या त्यांची नावं बघा, आर्मथॉर्प वेल्फेअर, ब्रॉड्सवर्थ वेल्फेअर. हे वेल्फेअर म्हणजे खाणकामगारांच्या वस्तीसाठी केलेलं मैदान, क्लब, हॉल. इथं खाणीच्या वस्तीचं सगळं आयुष्य त्या वेल्फेअरभोवती फिरायचं, आमच्याकडं पेठेचं तालमीभोवती फिरतं ना, तसंच.

आणि या टीमनं जिंकलं किती! बायकांच्या कपमध्ये १९८३ ते १९९४ या बारा सीझनमध्ये फायनल म्हटलं की बहुतेक वेळा एका बाजूला बेल्स ठरलेल्याच, आणि त्यातले सहा कप त्यांनी आणले, १९८३, ८७, ८८, ९०, ९२ आणि ९४. १९९१ ला बायकांची पहिली नॅशनल लीग सुरू झाली, तर पहिल्याच वर्षी एकही मॅच न हरता लीग जिंकली आणि वर कप पण. दोन वर्षांनी पुन्हा दोन्ही. त्या १९९१-९२ च्या कपमध्ये कॅरेन वॉकर नावाच्या फॉरवर्डनं प्रत्येक राऊंडला हॅट्ट्रिक केली, फायनलला सुद्धा. प्रत्येक राऊंडला! आमच्याकडं एखाद्यानं एका स्पर्धेत दोन हॅट्ट्रिक केल्या तर चौकात डिजिटल बोर्ड लागतो.

पण आजींची लाडकी म्हणजे जिलियन कोल्टर्ड. डॉनकास्टरजवळच्या थॉर्न गावची, अंगानं लहानखुरी, मिडफिल्डला खेळायची. तेराव्या वर्षी बेल्सकडं आली आणि वीसेक वर्षांहून जास्त इथंच राहिली. इंग्लंडकडून १०० मॅच खेळणारी ती पहिली बाई, एकूण ११९ मॅच, आणि हे सगळं फॅक्टरीत नोकरी करत. आजी सांगतात ती तुमच्या शेजारून गेली तरी कळायचं नाही ही इंग्लंडची कॅप्टन आहे म्हणून, पण मैदानात तिच्या पायातून बॉल काढून घ्यायचा म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटायचा.

आता यापुढचं लिहिताना मला खरंच राग येतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्री झोप लागली नाही, नवरा म्हणाला अगं आपण तेव्हा इथं नव्हतो पण, तुला एवढं काय, पण मला आहे.

२०११ मध्ये एफएनं बायकांची नवीन मोठी लीग काढली, विमेन्स सुपर लीग, आणि बेल्स पहिल्या आठ टीममध्ये होत्या. तोपर्यंत त्यांनी रोव्हर्सचं नाव पण जोडून घेतलं होतं, डॉनकास्टर रोव्हर्स बेल्स, आणि मॅच मोठ्या नव्या स्टेडियममध्ये व्हायच्या. मग आलं २०१३. सीझन सुरू झाला, बेल्सची एक मॅच झाली, फक्त एक, आणि एफएनं जाहीर केलं की पुढच्या वर्षी लीगचे दोन भाग होणार, आणि बेल्स खालच्या भागात जाणार. या सीझनला कितव्याही नंबरवर आल्या तरी. पहिल्या आल्या तरी! वरची जागा कुणाला, तर मँचेस्टर सिटीला, जी तेव्हा वरच्या लीगमध्ये खेळतही नव्हती. कारण काय दिलं, तर नव्या लीगसाठी आलेले क्लबांचे अर्ज तपासताना खेळापेक्षा पैशाचं नियोजन, मार्केटिंग, सोयीसुविधा असं सगळं बघितलं. बेल्सनी अपील केलं, तेही फेटाळलं. १९९१ ला नॅशनल लीग सुरू झाल्यापासून २२ वर्षं जी टीम सलग सगळ्यात वर होती, एकदाही खाली गेली नव्हती, तिला कागदावर खाली ढकललं. आणि उरलेला सगळा सीझन त्या पोरी हे माहीत असून खेळल्या. दर रविवारी शूजच्या नाड्या बांधून मैदानात उतरायचं, कशासाठी? मला तो सीझन डोळ्यासमोर आणवत नाही.

मोठे पैसे यायला पाहिजेत, मोठ्या क्लबनी बायकांच्या टीम काढायला पाहिजेत, हे मला पटतं, त्यामुळंच आज माझी लेक टीव्हीवर बायकांची मॅच बघते. पण ज्यांनी कुणी विचारत नव्हतं तेव्हा हा खेळ जिवंत ठेवला त्यांना बाजूला सारून जागा करायची ही रीत चुकीचीच होती, कुणी काहीही सांगो.

बेल्स तरी पण हरल्या नाहीत. २०१५ ला खालच्या भागात दुसऱ्या आल्या आणि परत वर गेल्या. २०१६ चा सीझन वाईट गेला, पुन्हा खाली. मग २०१७-१८ ला खालची लीग चक्क जिंकली, जेस सिग्जवर्थनं गोलांचा पाऊस पाडला. आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात एफएनं पुन्हा लीगची फेररचना केली, नवीन लायसन्स, नवीन खर्च, आणि क्लबला तो खर्च झेपेना. जुलै २०१८ मध्ये बेल्सनी माघार घेतली. म्हणजे चॅम्पियन झालेली टीम पुढच्या सीझनला तिसऱ्या पायरीवर, बहुतेक खेळाडू गेलेल्या, आणि एका वर्षात तिथून पण घसरून चौथ्या. इथं प्रत्येक लीगच्या खाली लीग असते, जिंकलं की वर हरलं की खाली, आणि एकदा खाली गेलं की वर चढणं म्हणजे किती वर्षांचं काम ते फुटबॉलवाल्यांना सांगायला नको.

पण हे बघा. ३१ जुलै २०२२ ला वेम्ब्लीवर ८७,१९२ लोकांसमोर इंग्लंडच्या बायकांनी जर्मनीला २-१ हरवून युरो कप जिंकला. त्या टीममध्ये डिफेन्सला मिली ब्राइट, गोलकीपर मेरी अर्प्स, आणि स्क्वॉडमध्ये बेथ इंग्लंड. तिघी पूर्वी बेल्सकडून खेळलेल्या! मिलीनं पुढच्या वर्षी वर्ल्डकपला कॅप्टनशिप केली, इंग्लंड त्या वर्ल्डकपच्या फायनलपर्यंत गेलं, आणि मेरीला बेस्ट गोलकीपरचा गोल्डन ग्लव्ह मिळाला. आजींनी युरोची ती फायनल त्यांच्या बैठकीच्या खोलीत बघितली, आम्ही पण होतो, शिट्टी वाजली तेव्हा सगळे 'इंग्लंड इंग्लंड' ओरडत होते आणि आजी एकट्याच "डॉनी, डॉनी" म्हणत टेबल बडवत होत्या.

मग आम्ही मॅचला जायला लागलो. पहिल्यांदा गेलो तो रविवार, नोव्हेंबर, असला वारा की बोलता येईना. टीव्हीवरचं फुटबॉल डोक्यात असेल तर ते काढूनच जायला लागतं. एका बाजूला छोटं छप्पर, बाकी कठड्याला टेकून उभं राहायचं, माणसं शंभर-दीडशे असतील, त्यात खेळाडूंचे आईबाप, आजी-आजोबा, दोन-तीन कुत्री. पण मैदान इतकं जवळ की खेळाडू एकमेकींना काय ओरडतायत ते शब्दन् शब्द ऐकू येतं, टॅकल झाला की आवाज येतो, शिनगार्डवर शिनगार्ड आपटल्याचा, आणि तो आवाज टीव्हीवर कधीच येत नाही. त्या दिवशी बेल्सची लेफ्ट बॅक, एकोणीस-वीस वर्षांची असेल, आमच्या समोरच पडली, गुडघा सोलला, चिखल आणि रक्त एकत्र, आणि ती उठून पहिलं काय केलं तर मोजा वर ओढला आणि थ्रो-इन मागितला. लेक माझा हात घट्ट धरून बघत होती. मॅच संपल्यावर तीच पोरगी कठड्याजवळ आली आणि लेकीला विचारलं तू कुठं खेळतेस, लेक म्हणाली अंगणात. तर म्हणाली अंगणात का, टीममध्ये ये की, आणि बुधवारी संध्याकाळी लहान मुलींची प्रॅक्टिस कुठं असते ते सांगून गेली. आता दर बुधवारी आम्ही तिथं.

आणि हाफटाइमला एक बाई आल्या, साठीच्या, हातात तिकिटांची भेंडोळी, एक पट्टी एक पौंड, राफल, म्हणजे लॉटरीच. इथं छोट्या क्लबचा खर्च बराचसा असाच चालतो, राफल, चहा, केक. मी पैसे काढत होते तेवढ्यात लेक म्हणाली, आई, त्या पोरी पण हेच विकायच्या ना? मी त्या बाईंना सांगितलं ती काय म्हणते ते. बाई हसल्या आणि लेकीला एक पट्टी जास्तीची फाडून दिली.

नंबर लागला नाही. आजींच्या वडिलांचा पण कधी लागला नव्हता.

उद्या रविवार, बेल्सची आपल्याच मैदानावर मॅच आहे, दोन वाजता. पाऊस सांगितलाय. थर्मासमध्ये चहा आणि डब्यात थालीपीठ, कारण इथल्या चिप्स लेकीला आवडतात पण आजींना आता माझी थालीपिठं लागतात. आजी या सीझनला पहिल्यांदाच येतायत, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आल्या नव्हत्या, त्यांनी भिंतीपलीकडून निरोप दिलाय की लवकर जाऊन छपराखाली शेवटच्या बाकाच्या टोकाला जागा धर, तिथं वारा कमी लागतो.