एकाच गावातले दोन कान

संगीताला सीमा नसतात, असे आपल्याकडे व्यासपीठावरून फार सहज म्हटले जाते. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात वाढलेल्या आणि नोकरीनिमित्त बराच काळ दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात राहिलेल्या माझ्यासारख्याला ते पटत नाही. माणसांच्या आवडी निराळ्या असतात, एवढेच मला म्हणायचे नाही. आवडनिवड ठरण्याच्या आधी, सूर कानावर पडत असतानाच, त्यातले काय पुढे येते आणि काय मागे राहते हे आपण ज्यांच्यात वाढलो त्यांनी बरेचसे ठरवून ठेवलेले असते, असे माझे मत झाले आहे. ते पारखून पाहायला गोव्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

आमच्या बाजूला मुलाच्या कानावर पहिल्यांदा पडते ते देवळातील भजन, कीर्तन आणि चतुर्थीतल्या घुमट आरत्या (घुमट हे मातीचे तालवाद्य). या सगळ्यांत षड्ज, म्हणजे मूळचा ‘सा’, एकदा लागला की तो हलत नाही. गाणारा कुठेही फिरून आला तरी प्रत्येक स्वराचे मोल त्या एका स्वरापासून तो किती दूर आहे यावरच ठरते. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या दोघींनी अल्लादिया खाँसाहेबांकडून जी गायकी घेतली, तिच्यातली लांबलचक, पेचदार तान ऐकताना श्रोता आतून समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहत असतो, आणि सम आली की त्याची मान आपोआप हलते. ती हलवायला त्याला कोणी शिकवलेले नसते, निदान शब्दांत तरी नाही.

सासष्टीतल्या ख्रिस्ती घरातील मुलाचे कान निराळ्या रीतीने घडत आले. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांतून स्वरलिपी वाचणे, व्हायोलिन आणि समूहगान शिकवले जात असे, आणि चर्चच्या गायनवृंदात सोप्रानो, आल्टो, टेनर व बास अशा उंच आवाजापासून तळाच्या आवाजापर्यंतच्या चार स्वरपंक्ती एकाच वेळी चालतात. तिथे तळाचा स्वर बदलत राहतो. त्यामुळे वरचा स्वर जागेवरून न हलताही क्षणात निराळा भासू लागतो. मांडो या गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाच्या कोंकणी गीतप्रकारातही दुसरा आवाज बहुधा मूळ चालीपासून एक स्वर सोडून, म्हणजे हिच्या षड्जाला त्याचा गंधार, असा बरोबरीने चालतो.

ही दोन्ही माणसे घरी कोंकणीच बोलतात, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेजारी राहिली आहेत, आणि मांडोत वाजते तेच घुमट आमच्या आरतीतही वाजते. तेव्हा हा भेद रक्ताचा किंवा भाषेचा म्हणता येणार नाही. मुलाला कोणत्या गाण्यापाशी बसवले, त्याचा तो आहे.

पणजीच्या कला अकादमीत एका मैफलीला मी सासष्टीतल्या एका सहकाऱ्याला घेऊन गेलो होतो. त्यांच्या घरात आजोबांपासून व्हायोलिन आहे, तेव्हा कानाला उणे काहीच नव्हते. विलंबित ख्याल संपल्यावर ते म्हणाले की तंबोऱ्याने आपल्याला बेचैन केले. तळाचा सूर आता बदलेल, मग बदलेल, अशी वाट पाहण्यातच आपला अर्धा वेळ गेला. मी चकित झालो, कारण तंबोरा मला त्या सबंध वेळात ऐकूच आला नव्हता. तो बंद पडला असता तर मात्र लगेच कळले असते. उलट चर्चमधले समूहगान ऐकताना माझे कान नकळत एक चाल उचलतात आणि बाकीचे तीन आवाज तिच्या पाठीमागे ढकलून देतात. ज्याला ते चौघे मिळून ‘गाणे’ म्हणतात, ते माझ्यापर्यंत पोहोचतच नाही.

अशा अनुभवांना संशोधनाचाही आधार आहे. जोश मॅकडरमॉट आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये बोलिव्हियातील चिमाने लोकांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. या लोकांच्या स्वतःच्या संगीतात अनेक स्वर जुळवून गाण्याची रीत नाही. पाश्चात्त्य कानाला गोड लागणारे स्वरमेळ (एकाच वेळी वाजणारे स्वर) आणि कर्कश लागणारे स्वरमेळ त्यांना सारखेच सुखद वाटले, मात्र दोहोंतला फरक त्यांना ऐकू येत होता. ध्वनीचा खरखरीतपणा त्यांनाही नकोसाच वाटला. म्हणजे सगळेच संस्कृतीवर ढकलून चालत नाही. शरीराचा वाटा शरीराकडे राहतो.

मला जास्त विचारात पाडतो तो एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांचा 2005 मधील लहान मुलांवरील अभ्यास. उत्तर अमेरिकेतील सहा महिन्यांच्या बाळांना बाल्कन प्रदेशातील विषम तालांमधली मोडतोड ओळखता येत होती. बारा महिन्यांच्या बाळांना ती येईनाशी झाली होती, पण दोन आठवडे तसे संगीत घरी ऐकवल्यावर पुन्हा जमली. तेवढेच ऐकवून मोठ्यांना मात्र तो लाभ झाला नाही. आपण ज्याला उपजत लयीची जाण म्हणून मिरवतो, तिचा बराचसा भाग पाळण्यात सोडून दिलेल्या गोष्टींनी घडलेला असतो. (आमच्याकडच्या काही रसिकांनी हे वाचले तर त्यांना आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.)

मोठेपणी दुसरा कान मिळत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस चर्चच्या संगीतात वाढले, मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिन वाजवू लागले, आणि तिथे रागसंगीत ऐकून त्यांनी रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिल्या. स्थिर षड्जावर उभ्या असलेल्या रागाखाली बदलते स्वरमेळ घालायचे आणि तरी राग मोडू द्यायचा नाही, हे काम दोन्ही रीतींनी ऐकल्यावाचून होण्यासारखे नाही. त्यांच्यापाशी त्यासाठी उभ्या जन्माचा रियाज होता.

माझा प्रयत्न त्यामानाने फारच किरकोळ आहे. समूहगान ऐकताना मी हल्ली मुद्दाम बासचा आवाज धरून बसतो. तो आता मला वेगळा ऐकू येतो, कधीकधी त्याच्या हलण्याने वरच्या स्वराचा रंग बदललेलाही कळतो. पण लक्ष जरा ढळले की कान पुन्हा एक षड्ज शोधू लागतात आणि बाकीचे सारे त्याच्याशी मोजू लागतात.